न झालेलं भाषण

सगळ्यात आवडतं पुस्तक कोणतं, असं कुणी विचारलं की मला आधी हसू येतं. हा प्रश्न कपाटवाल्यांचा आहे. ज्यांच्या घरात आजोबांपासून पुस्तकांच्या रांगा लागलेल्या, त्यांनी एका रांगेवरून बोट फिरवावं नि एक खाली काढावं. आपल्याकडं कुठलं कपाट? आमच्या घरात पत्र्याची एक पेटी होती. तिच्यात रेशनकार्ड, आज्याचा गिरणीचा पास, बाबासाहेबांचा एक फोटो अन् तीन पुस्तकं. तिनांतलं एक निवडणं म्हंजे निवडणं नव्हे.

तरी मित्रांनो, हा प्रश्न आपण टाळू नये. ज्यांना हजारो वर्षं अक्षराला हात लावू दिला नाही, त्यांनी एखादं पुस्तक "माझं" म्हणणं ही साधी आवडनिवड नाही. ती इतिहासातली घटना आहे.

आता बघा. 1907 साली भीमराव रामजी आंबेडकर नावाचा पोरगा मॅट्रिक झाला. महाराचा पोरगा मॅट्रिक, म्हणून मुंबईत अभिनंदनाची सभा झाली. तिथं कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी आपलं स्वतःचं पुस्तक त्याच्या हातात दिलं. गौतम बुद्धाचं चरित्र. एक मास्तर, एक पुस्तक, एक पोरगा. तिथून 49 वर्षांनी, 14 ऑक्टोबर 1956 ला, नागपुरात लाखो माणसं बुद्धाला शरण गेली. एका पुस्तकानं हे सगळं केलं असं मी म्हणणार नाही, तसं म्हणणं भाबडेपणाचं होईल. पण ते पुस्तक त्या दिवशी त्या हातात पडलं नसतं तर, हा विचार रात्रपाळीत डोक्यात येतो नि जात नाही.

मग माझं कोणतं? पुष्कळ नावं समोर येतात. जोतीरावांची ‘गुलामगिरी’, 1873 सालची. पुण्यात बसून लिहिलेलं पुस्तक त्यांनी अर्पण केलं ते अमेरिकेतल्या माणसांना, काळ्यांची गुलामी मोडली म्हणून. किती लांबचं दिसत होतं त्या माणसाला! अण्णाभाऊंची ‘फकिरा’. ती त्यांनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. बाबुराव बागुलांचं ‘जेव्हा मी जात चोरली होती’, 1963 सालचं. ते वाचलं तेव्हा दोन दिवस जेवण गेलं नाही. ‘गोलपिठा’ आहे, ‘बलुतं’ आहे. कविता लिहितो म्हणून लोकांना वाटतं मी ‘गोलपिठा’चं नाव घेईन. त्या पुस्तकानं मला लिहायला लावलं हे खरं. पण मी कुठं उभा आहे हे मला एका भाषणानं सांगितलं. तेसुद्धा कधी न झालेल्या भाषणानं.

‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’. मराठीत कुणी ‘जातिनिर्मूलन’ म्हणतं, कुणी ‘जातिप्रथेचे विध्वंसन’. आमच्या पेटीतल्या प्रतीचं वरचं पान फाटलेलं होतं, म्हणून मी कितीतरी वर्षं त्याला नुसतं "लाहोरचं पुस्तक" म्हणायचो. अजूनही तेच तोंडात येतं.

लाहोरला 1922 पासून ‘जात-पात तोडक मंडळ’ नावाची संस्था होती. संतराम हे तिचे चिटणीस. पंजाबातले सुधारक हिंदू, जात मोडावी म्हणणारे. त्यांनी डिसेंबर 1935 मध्ये बाबासाहेबांना पत्र लिहिलं की आमच्या वार्षिक परिषदेचं अध्यक्षपद घ्या. वेळ लक्षात घ्या. त्याच्या दोनच महिने आधी, 13 ऑक्टोबर 1935 ला, येवल्यात बाबासाहेबांनी सांगून टाकलं होतं की हिंदू म्हणून जन्मलो तो माझ्या हातात नव्हतं, हिंदू म्हणून मरणार नाही. साऱ्या देशात गदारोळ उठलेला. अशा माणसाला सवर्ण हिंदूंच्या परिषदेचा अध्यक्ष करायचं धाडस मंडळानं केलं, हे मान्य केलं पाहिजे. बाबासाहेब राजी नव्हते. सवर्णांच्या सुधारणांच्या व्यासपीठावर जाण्यात त्यांना रस उरला नव्हता. पण मंडळानं पिच्छा सोडला नाही, मुंबईला माणूस पाठवला. शेवटी ते हो म्हणाले.

भाषण लिहून झालं. छापायचं कुठं यावरच पहिली कुरबूर. मंडळाचं म्हणणं लाहोरला छापू, स्वस्त पडेल. बाबासाहेब म्हणाले मुंबईतच छापणार. छापलेला मजकूर लाहोरला पोचला नि तिथं पाचावर धारण बसली. ह्यात वेदांचं नाव कशाला? शास्त्रांच्या प्रामाण्यावर घाव कशाला? शेवटी शेवटी हिंदू म्हणून हे माझं अखेरचं भाषण असं कशाला? तेवढं गाळा, म्हंजे परिषद सुरळीत पार पडेल. मंडळाच्या मागे जे बडे लोक उभे होते त्यांना भाषण पचणारं नव्हतं.

27 एप्रिल 1936 ला बाबासाहेबांनी उत्तर धाडलं. एक स्वल्पविरामही बदलणार नाही, हे मी आधीच सांगितलं होतं, याची त्यांनी आठवण करून दिली. परिषद रद्द झाली ती झालीच. स्वागत समितीनं आपणच निवडलेल्या अध्यक्षाला बोलू दिलं नाही.

आपल्यापैकी जे लिहितात त्यांनी ही जागा पुन्हा वाचावी. आपल्या कवितेतला एखादा शब्द संपादकाला खटकतो, आपण लगेच गाळतो, छापून तर येऊ दे म्हणतो. तिथं एक भलीमोठी परिषद, देशभर नाव, सुधारक म्हणून मान हे सगळं समोर ठेवलेलं होतं. बदल्यात काही ओळी मागितल्या होत्या.

15 मे 1936 ला ते भाषण पुस्तक म्हणून बाहेर आलं. स्वतःच्या खर्चानं. प्रती 1500, किंमत आठ आणे. दोन महिन्यांत आवृत्ती खपली. 1937 च्या दुसऱ्या आवृत्तीपर्यंत गुजराती नि तमिळ भाषांतरं झालेली होती, मराठी, हिंदी, पंजाबी, मल्याळम चालू होती. लाहोरच्या मंडपात फार तर काही हजार माणसांनी ऐकलं असतं, टाळ्या वाजवल्या असत्या अन् घरी गेले असते. बोलणाऱ्याचं तोंड बंद केलं, तर ते भाषण चार प्रांतांत फिरलं.

गांधींनी ‘हरिजन’मध्ये त्यावर लिहिलं. मंडळानं लोकांना भाषण ऐकू दिलं नाही ही चूक केली, असं त्यांनी म्हटलं, ते बरोबरच होतं. पण पुढं वर्ण नि वडिलोपार्जित धंदा यांचं समर्थन आलंच. आणि एक गंमत. आठ आणे किंमत जास्त आहे, दोन आणे, निदान चार आणे करावी, असा सल्लाही त्यांनी दिला. ज्या माणसानं पदरमोड करून पुस्तक छापलं त्याला किंमतीचा सल्ला! तरी कामगार म्हणून मला वाटतं, आठ आणे तेव्हा आमच्या माणसाला जडच गेले असतील. बाबासाहेबांनी गांधींचा लेख नि आपलं सडेतोड उत्तर दोन्ही दुसऱ्या आवृत्तीत छापून टाकलं. विरोधकाचं म्हणणं आपल्याच पुस्तकात, पूर्ण. ही हिंमत आपल्या नियतकालिकांत कधी येईल?

आता हे पुस्तक माझं कसं, ते सांगतो.

माझा पणजा मुंबईच्या एका गिरणीत त्रासनखात्यात होता. त्रासन म्हंजे सूतकताई. साचेखात्यात, म्हंजे मागावर, पगार जास्त. पण साच्यावर आपल्या माणसाला घेत नसत. का? तर धोट्यातली कांडी संपली की नवी कांडी घालून तिचा धागा धोट्याच्या भोकातून तोंडानं ओढून घ्यावा लागे. एका धोट्याला अनेकांचं तोंड लागणार. महाराच्या तोंडाचा धोटा मराठ्याच्या तोंडाला कसा चालेल? म्हणून महाराला साचेखातं बंद. मालकानं लिहिलेला हा नियम नव्हता. बरोबरीनं घाम गाळणाऱ्या, बरोबरीनं संप करणाऱ्या कामगारानं पाळलेला नियम होता.

1928 चा मोठा संप झाला तेव्हा बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांना हाच सवाल टाकला. तुमच्या मागण्यांत हीसुद्धा मागणी घाला की अस्पृश्य कामगाराला सगळी खाती खुली असावीत. लाल बावट्याच्या पुढाऱ्यांनी का-कू केली. आज्या सांगायचा, पणजा त्या संपाची गोष्ट निघाली की एवढंच म्हणायचा, "संपात आम्ही उपाशी, कामावर आम्ही त्रासनात."

हे सगळं मी लहानपणी ऐकलेलं होतं, पण गोष्ट म्हणून. त्याचा अर्थ लाहोरच्या पुस्तकानं लावून दिला. जातिव्यवस्थेचं समर्थन करणारे म्हणतात की ही कामाची वाटणी आहे, सगळ्या देशांत असते. बाबासाहेब तिथं दाखवून देतात की इथं नुसतं काम वाटलेलं नाही, काम करणारी माणसंच वाटून, एकावर एक रचून ठेवलीत. त्या जागी मी पुस्तक मिटलं. धोटा समोर दिसला. साचेखातं दिसलं. ज्याला गिरणी माहीत आहे त्याला हे वाक्य समजवायला प्रोफेसर लागत नाही.

आजचं सांगतो. मी जिथं काम करतो ती सूतगिरणी, मुंबईपासून लांब. धोटा नाही, तोंडानं धागा ओढणं नाही. मी रिंगफ्रेमवर तुटलेले धागे सांधतो. कागदावर कुठंच जात नाही. पण कापसाची धूळ जिथं छातीत बसते त्या खात्यात कोण आहेत, कंत्राटदाराच्या वहीत संडास-सफाईला कुणाची नावं आहेत, हजेरी घेणारा कुणाच्या आडनावाला थांबतो, हे बघायला पुस्तक वाचावं लागत नाही. पुस्तक वाचावं लागतं ते त्याला योगायोग न म्हणण्यासाठी.

समाजवाद्यांना उद्देशून जो भाग आहे तो आपल्या युनियनवाल्या दोस्तांनी वाचलाच पाहिजे. आधी आर्थिक क्रांती, जात मागाहून आपोआप जाईल, असं सांगणाऱ्यांना बाबासाहेब साधा प्रश्न करतात. क्रांती झाल्यावर आपल्याला बरोबरीनं वागवतील याचा भरवसा नसेल, तर माणूस त्या क्रांतीत येईलच कशाला? मालकाविरुद्ध एक होण्याआधी एकमेकांवर विश्वास नको का? आमच्या गिरणीत एक जुना कॉम्रेड आहे, मनानं सोन्यासारखा माणूस. तो म्हणतो, हे पुस्तक कामगारांत फूट पाडतं. मी त्याला विचारलं, "काका, फूट पुस्तकानं पाडली का धोट्यानं?" तो चहा प्यायला, काही बोलला नाही. भांडण झालं नाही, अजून आम्ही एकाच बाकावर डबा खातो. पण फूट बाबासाहेबांनी पाडली असं म्हणणाऱ्यांना एवढं सांगा की याच पुस्तकानंतर तीनच महिन्यांनी, ऑगस्ट 1936 मध्ये, त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. 1938 च्या फेब्रुवारीत मनमाडला रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांपुढं त्यांनी ब्राह्मणशाही नि भांडवलशाही असे दोन शत्रू मोजले. एक नाही, दोन.

या पुस्तकात रोमची एक हकिकत आहे. प्लेबियन लोकांना आपला माणूस कॉन्सल म्हणून निवडायचा हक्क मिळाला. पण निवडलेला माणूस देवीला मान्य आहे असा कौल पुजाऱ्यानं द्यावा लागे, अन् पुजारी वरच्या वर्गाचा. मग कौल कुणाला मिळणार? जो वरच्यांना चालेल त्यालाच. हक्क हातात येऊनही हातात काही आलं नाही. हे वाचताना राखीव जागेवरून निवडून येणारे आपले काही पुढारी डोळ्यापुढं आले तर दोष वाचणाऱ्याचा नाही. त्यांना उमेदवारी कोण देतं, कौल कोण देतं, ते तपासा.

आता एक आक्षेप. तो मला आपल्याच एका मित्रानं घेतला, नि तो सोडून देण्यासारखा नाही. तो म्हणाला, "हे पुस्तक आपल्यासाठी नाहीच. सवर्ण सुधारकांपुढं बोलायला लिहिलेलं भाषण ते. तुमचा धर्म तुम्ही दुरुस्त करा, मी चाललो, असं सांगणारं. मग ते आपलं आवडतं कसं? आपलं पुस्तक म्हंजे ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’. तेच घरात पाहिजे."

दुसऱ्या पुस्तकाचा मान मी कमी करत नाही. ते 1957 मध्ये, बाबासाहेब गेल्यावर निघालं, अन् ते आपलं घर आहे. पण घर का सोडलं हे माहीत नसलेला माणूस नव्या घरातही जुनंच मांडून बसतो. आपल्या वस्त्यांत बघा. पंचशील म्हणायचं नि पोटजातीत सोयरीक शोधायची. मातंगाच्या घरचं पाणी चालतं का, असं अजूनही कुजबुजत विचारायचं. जातींच्या उतरंडीत प्रत्येकाला खाली कुणीतरी सापडतं, म्हणून सगळे मिळून ती उतरंड फोडत नाहीत, हे त्या पुस्तकात 1936 सालीच लिहिलंय. ते फक्त बामणांना लिहिलंय असं समजून आपण सुटका करून घेतो.

आणि ते भाषण आपल्याला नव्हतं, तर आपल्याला वेगळं दिलंच की. पुस्तक 15 मेला आलं. 31 मेला, सोळा दिवसांनी, मुंबईत महार परिषदेपुढं बाबासाहेब मराठीत बोलले, ‘मुक्ती कोन पथे?’ त्या महिन्यात एक गोष्ट त्यांनी इंग्रजीत सवर्णांना सांगितली, दुसरी मराठीत आपल्या माणसांना. पहिल्यात पुराव्यांची रास. पेशवाईतल्या पुण्यात कमरेला झाडू, गळ्यात मडकं. इंदूरकडच्या बलाईंनी जरीकाठी पागोटं घालू नये, त्यांच्या बायकांनी सोनंचांदी घालू नये असे हुकूम. गुजरातेत धातूच्या भांड्यात पाणी आणलं म्हणून बायांना मारहाण. जयपूर संस्थानात पंगतीत तूप वाढलं म्हणून लाठ्या घेऊन आलेली झुंड, पेपरात नुकतीच आलेली बातमी. हे सगळं कशासाठी? ऐकणाऱ्याला "असं कुठं असतं" म्हणता येऊ नये म्हणून. दुसऱ्या भाषणात पुराव्यांची एवढी गरज नव्हती. समोर बसलेली माणसंच पुरावा होती. तिथं प्रश्न पुढं कसं जायचं हा. दोन्ही शेजारी ठेवून वाचा. एकच वाचलं तर अर्धा माणूस दिसतो.

एक उणीव मलाही जाणवते. या पुस्तकात बाईवर फार थोडं आहे. मिश्रविवाह हा खरा उपाय असं बाबासाहेब सांगतात, पण जात टिकवायला बाईचा देह कसा वापरला गेला, ते इथं सविस्तर येत नाही. ते त्यांच्या त्याआधीच्या निबंधात आहे, 9 मे 1916 रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या. तेव्हा ते 25 वर्षांचे होते. जातीतल्या जातीत लग्न हे जातीचं मूळ, अन् ते टिकवायला सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह, असं त्यांनी त्यात उलगडून दाखवलं. दोन्ही मिळून एकच पुस्तक नव्यानं लिहायचा त्यांचा विचार होता. वेळ मिळाला नाही, म्हणून 1944 ची तिसरी आवृत्ती नुसतं दुसरीचं पुनर्मुद्रण राहिली. म्हणून प्रत घेताना बघून घ्या, तो निबंध तिच्यात आहे का. पुष्कळ स्वस्त आवृत्त्यांत तो नसतो. 1979 मध्ये महाराष्ट्र शासनानं वसंत मून यांच्या संपादनाखाली काढलेल्या इंग्रजी पहिल्या खंडात दोन्ही आहेत.

आणखी एक बोलायचं राहिलं. 6 डिसेंबरला चैत्यभूमीवर, दसऱ्याला दीक्षाभूमीवर पुस्तकांच्या दुकानांपुढं रांगा लागतात. उपाशी माणूस पुस्तक घेतो, हे दृश्य जगात दुसरीकडं कुठं असेल तर मला दाखवा. पण त्यातली किती पुस्तकं घरी जाऊन फोटोच्या खाली, हाराच्या मागं उभी राहतात? लाल कापडात बांधलेली पोथी काय नि प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं बाबासाहेबांचं पुस्तक काय, न उघडलेलं असेल तर दोन्हींची पूजाच होते. शास्त्रांचं प्रामाण्य झुगारा म्हणणाऱ्या पुस्तकालाच शास्त्र करून ठेवणं, हे आपल्याच हातून चाललंय. आमच्या पेटीतल्या प्रतीला तेलाचे डाग आहेत, समासात आज्याच्या पेन्सिलीच्या रेघा आहेत, दोन ठिकाणी त्यानं "हे पटत नाही" असं लिहिलंय. एक ठिकाण पुरोहितांचं. पुरोहितांची परीक्षा घ्यावी, सरकारनं सनद द्यावी, ते सरकारी नोकर असावेत, असं पुस्तकात सुचवलंय. आज्यानं लिहिलंय, "नकोच मुळी." मला आज्याचं पटतं. बाबासाहेबांनीही पुढं त्या दुरुस्तीची वाट पाहिली नाही.

आमच्या वस्तीत दर रविवारी सात-आठ जण बसतो. तिघं गिरणीतले, एक रिक्षावाला, दोघी नर्सिंगच्या पोरी, एक दुकानात काम करणारा. इंग्रजी नीट कुणालाच येत नाही, डिक्शनरी मधे ठेवून एक पान मराठीशी ताडून बघतो. दोन तासांत कधी दोन पानं होतात, कधी अर्धं. गेल्या वेळी समाजवाद्यांचा भाग संपला नाही, रिक्षावाल्याचं नि माझं भांडण लागलं. येत्या रविवारी तिथूनच पुढं. जुन्या कॉम्रेड काकांनाही बोलावलंय. डबा घेऊन येतो म्हणालेत.